लिफ्टमधले साहेब आणि माझी गोड उत्तरं

जनसंपर्क हा विषय मला शिकवू शकेल असा माणूस अजून जन्मायचाय, असं माझं प्रामाणिक मत होतं. आमची कंपनी लिफ्ट बनवते. तिची बातमी पेपरात कुठल्या पानावर येणार, हे मी एका चहात ठरवून यायचो. त्यामुळे साहेब जेव्हा म्हणाले की आता लोक पेपर वाचत नाहीत, दोन ओळींच्या पोस्ट वाचतात, आणि त्या जमणार नसतील तर तुमचं काम बाहेरच्या एजन्सीला देऊ, तेव्हा मी चक्क हसलो. दोन-दोन पानं लिहिणाऱ्याला दोन ओळींचं काय कौतुक!

घरी येऊन लिहायला बसलो आणि धाबं दणाणलं. दोन ओळींत माझं 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' एवढंच मावत होतं. शेवटी धाकट्या मेहुणीला शरण गेलो. ती एका मोठ्या दुकानासाठी हेच काम करते. बायकोच्या डोळ्यांदेखत मेहुणीकडून शिकवणी घेणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच विचारा. बायको मुद्दाम तिथेच बसून लसूण सोलत होती.

मेहुणीनं सांगितलं, की कुणी काही लिहिलं तर लगेच उत्तर द्यायचं. माणसासारखं बोलायचं, सरकारी पत्रासारखं नाही. उलट प्रश्न विचारायचा, म्हणजे गप्पा वाढतात. आणि ज्याचा फोटो नाही, नावापुढे नुसते आकडे आहेत, तो हमखास टवाळ समजायचा. त्याच्यावर चिडायचं नाही, गोडच बोलायचं.

मी इतका तयार झालो, की दुसऱ्याच दिवशी कंपनीचं खातं उघडलं आणि उत्साहाच्या भरात साहेबांनाही एक उघडून दिलं. त्यांचं नाव मिळेना, म्हणून नुसत्या आद्याक्षरांपुढे आकडे टाकले. फोटो मात्र टाकू नका म्हटलं, उगाच लोक तक्रारी घेऊन मागे लागतात. साहेबांना ते फार पटलं.

शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं. मी एकटाच थांबलो, कारण आमच्या खात्यावर पहिल्यांदाच कुणीतरी लिहिलं होतं! 'लिफ्टमध्ये अडकलोय. फोन लागत नाहीये, नेट तेवढं चालतंय. कुणीतरी या.' खाली फोटो नाही. नावापुढे आकडे.

आला टवाळ, म्हटलं. लगेच उत्तर दिलं, 'नमस्कार! आमच्या लिफ्टमध्ये आपलं स्वागत आहे. आत कसं वाटतंय?'

तेवढ्यात कुठेतरी घंटा वाजायला लागली. आता आमच्या इमारतीत घंटेचं कुणाला काही वाटत नाही. तळमजल्यावर आमच्या लिफ्टच्या घंटांची दिवसभर तपासणी चालते. घंटा थांबली तरच आम्ही दचकतो. मी दार लावून घेतलं. कामात लक्ष लागायला हवं ना.

त्यानं लिहिलं, 'उकडतंय. मस्करी बंद करा. मी साहेब बोलतोय.'

'आमच्यासाठी प्रत्येक ग्राहक साहेबच असतो,' मी लिहिलं. या वाक्यावर मी स्वतःच इतका खूश झालो, की बायकोला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, घरी असं कधी बोलत नाही.

इकडे लोक जमायला लागले. हसणाऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस. एजन्सीला कसलं काम देताय, बघा म्हणावं! मी आणखी विचारलं, 'एकटेच आहात की सोबत कुणी? वेळ कसा घालवताय?' यावर जे उत्तर आलं, ते इथे देत नाही. चिडायचं नाही, हे मात्र मी पाळलं.

मग त्यानं आतला फोटो टाकला. भिंतीवर पाटी होती, 'घाबरू नका. मदत येत आहे.' माझा ऊर भरून आला. मी लिहिलं, 'ही सूचना मीच लिहिली आहे. वाचून धीर आला का?'

उत्तर आलं, 'ही पाटी फार उंचावर आहे, खाली घ्या, असं मी तुम्हाला मंगळवारी माझ्या केबिनमध्ये सांगितलं होतं.'

मी ताडकन उठून दार उघडलं. मंगळवारी हे मला एकाच माणसानं सांगितलं होतं. घंटा अजून वाजत होती, आणि आवाज तळमजल्यावरून नाही, माझ्या दारासमोरून येत होता. आमच्याच लिफ्टमधून!

वॉचमनला घेऊन किल्लीनं दार उघडलं. साहेब घामानं निथळत, बूट हातात घेऊन बसले होते. विसरलेला चष्मा न्यायला आले होते बिचारे. माझ्याकडे न बघता जिन्यानं निघून गेले. रविवारभर मला घास गेला नाही. नोकरी गेलीच, असं मी बायकोला सांगून टाकलं. तिनं पहिल्यांदाच टोमणा मारला नाही, तेव्हा मी जास्तच घाबरलो.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. समोर मोबाईल होता. लाखभर लोकांनी ते सगळं वाचलं होतं, आणि ते साहेबांनी मुद्दाम रचलेलं नाटक आहे, अशी सगळ्यांची खात्री होती. एजन्सीवाले तर म्हणाले होते, की असं काही आम्हाला सात जन्मांत सुचलं नसतं.

"काम तुमच्याकडेच राहील," साहेब म्हणाले. मी मनातल्या मनात मेहुणीला साष्टांग नमस्कार घातला.

"पण लोक विचारताहेत, येत्या शनिवारी कोण अडकणार. त्यांना नाराज करून चालणार नाही. तुम्ही अडका."

"मी? मग उत्तरं कोण देणार, साहेब?"

साहेब कधी नव्हे ते हसले.

"मी आहे ना!"