टिपणीसकाकांचं बंद स्टेशन

इथे परदेशात, पुंगोलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक स्टेशनमास्तर राहतात. त्यांचं स्टेशन स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात आहे आणि तिथे कित्येक वर्षांत गाडी आलेली नाही. एवढ्या किरकोळ कारणासाठी टिपणीसकाका चार्ज सोडायला तयार नाहीत.

खरं तर काका जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. पण इथली एलआरटी, म्हणजे छोटी लोकल, जरा रेंगाळली की घड्याळ बघून म्हणणार, "आमच्या स्टेशनात हे चाललं नसतं." एकदा माझी लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, युअर स्टेशन गॉट नो ट्रेन, लाह."

"म्हणूनच लेट नाही," काका शांतपणे म्हणाले.

स्टेशनाचा इतिहास ते वहीत लिहितात. तिथे माणसांपेक्षा मेंढ्याच जास्त चढत. शेवटच्या गाडीला मात्र सगळा गाव नटूनथटून आला. इथे काकांना दरवेळी राग येतो. "आधी आले असते, तर बंद कशाला पडलं असतं?"

आणखी एक हट्ट म्हणजे त्यांच्या दारातून निघताना "येतो"च म्हणायचं. मध्यंतरी मी घाईत "जातो" म्हणालो, तर त्यांनी मला परत खुर्चीत बसवलं आणि वहीत नसलेला भाग सांगितला.

तरुणपणी इंजिनिअरच्या परीक्षेसाठी काका त्या बंद स्टेशनातच राहिले होते. शेवटच्या मास्तरांची बायको, मॅगी आजी, तिथली खोली भाड्याने द्यायची. निघताना काकांनी तिला वाकून नमस्कार केला आणि आपलं "येतो" सरळ इंग्रजीत केलं, "आय अ‍ॅम कमिंग."

आजीने विचारलं, "व्हेन?"

"आता काय सांगणार? म्हटलं, 'सून', लवकरच," काका मला म्हणाले.

मग दर नाताळला आजीचं कार्ड यायचं, प्लॅटफॉर्म झाडून ठेवलाय म्हणून. काका कधी समुद्रावर, कधी संसारात. जाणं झालंच नाही, आणि एका वर्षी कार्डही आलं नाही.

आता तिथे चहाचं दुकान निघतंय. स्टेशनाची हकीकत सांगणारं गावात कोणी उरलं नाही, तुम्ही याल का, असं आजीच्या नातीने काकांना विचारलं. मुलगा नको म्हणाला, गुडघेही नको म्हणाले. काकांनी तिकीट काढलं.

चांगी विमानतळावर त्यांना सोडायला मी गेलो होतो. बॅगेच्या चेनमधून लिटल इंडियातल्या नव्या केरसुणीचं टोक डोकावत होतं. ते आत निघाले तसं मी म्हटलं,

"काका, येतो म्हणा."

"ते तिथे म्हणून बसलोय," काका म्हणाले. "आधी ते पुरं करतो."