गायकवाडमामांचा शेवटचा हापसा

आमच्या गल्लीतल्या गायकवाडमामांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला की ते आधी विचारतात, "कुटलं?" लग्न असो की मयत, प्रश्न चुकत नाही. मग एक घोट तोंडात घोळवून निकाल देतात. "नळाचं हाय, पण चार दिवस साठवलेलं." माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा त्यांच्यादेखत मामांनी आमच्या टाकीत पाल पडल्याची शंका काढली. टाकी उघडली तर पाल होती. सोयरीक तरीही जमली.

मामा सरकारी खात्यात हातपंप दुरुस्त करायचे आणि मी तिथंच कारकून होतो. सांगोल्याकडून तक्रार आली की मी कागद काढायचा आणि मामांनी जीप. हापसा बंद पडलाय, असं ते कधी म्हणत नसत. "रुसलाय" म्हणत.

तीन वर्षांपूर्वी शांतामामी गेल्या. त्याबद्दल मामा अवाक्षर काढत नसत. कुणी विषय काढलाच तर आभाळाकडं बघून उन्हाचं बोलायचे. पोरगा बंगळुरात. घरात एकटेच.

अशात एका मदतसंस्थेला आफ्रिकेत, मलावी देशात, हापशाचा जाणकार हवा होता. आमच्या जुन्या इंजिनियरसाहेबांनी मामांचं नाव सुचवलं. देश कुठं आहे हे मामांनी विचारलंच नाही. हापसा कुठल्या बनावटीचा, एवढंच विचारलं. आपल्याकडचाच आहे म्हटल्यावर त्यांनी पासपोर्ट काढला.

शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि हापसे खोलायचे आपले पाने घेऊन मामा निघाले. विमानतळावर पाण्याची बाटली टाकून द्यायला सांगितली. दुष्काळी भागातला माणूस पाणी टाकणार नाही, असं म्हणून मामांनी दोन लिटर पाणी तिथंच उभ्यानं संपवलं. पुढं विमानात काय हाल झाले, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

दीड महिन्यानं परतले ते गप्प गप्प. गल्लीनं सत्काराचं काढलं, तर नको म्हणाले. मला राहवेना. एका रविवारी सकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि एकेक विचारत गेलो.

अठरा हापसे चालू केले होते. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खायचे. त्याला शेंगाची चटणी झकास लागते, हा शोध त्यांचाच. एका गावच्या पाणी समितीतल्या ग्रेस नावाच्या बाईंना त्यांनी पाइप उपसायला आणि चामड्याचे वायसर बदलायला शिकवलं होतं. बोलणं दुभाष्यामार्फत व्हायचं. पण पाना हातात असला की दुभाषी लागत नाही, असं मामांचं मत.

मग शेवटच्या दिवसाचं विचारलं.

एकोणिसावा हापसा ग्रेसबाईंच्या माहेरच्या गावात होता. पाइप काढल्यावर कळलं की बोअरच आत ढासळलाय. तिथं पान्याचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. तरी गावानं कोंबडी कापली, बायकांनी गाणी म्हटली, सगळ्यांनी निरोप दिला.

"पानी दिलं न्हाय आन् कोंबडी खाल्ली," मामा म्हणाले. "घास उतरंना, भाऊसाहेब. घरची वढ लागलेली. आन् घर डोळ्यापुडं आलं की वाटायचं, ऱ्हावं हितंच. सकाळी दारात चार मानसं तरी येत्यात."

दुभाषी गाडीत सामान भरायला गेला होता. मामा कोरड्या बोअरजवळच्या ओंडक्यावर बसले. ग्रेसबाई येऊन शेजारी बसल्या.

"तिला सगळं सांगितलं," मामा म्हणाले.

"काय सगळं?"

"शांता गेली त्या दिवसाचं. मी सांगोल्याकडं हापशावर हुतो. फोन आल्याला, पर म्हनलं, एवढा जोडून जातो."

मी विचारलं, "पण मामा, त्या बाईंना मराठी कुठं येतं?"

"येत न्हाय म्हनून तर बोलता आलं की."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"तिनंबी सांगितलं कायतरी, तिच्या भाषेत. मधीच रडली. लई येळ सांगत हुती." मामांनी चष्मा काढून सदऱ्यानं पुसला. "गाडीवाला हाका मारत हुता. पर तिचं पुरं होईस्तवर मी उटलो न्हाय."