गाईने पसंत केलेली भयकथा

माझी कादंबरी वाचून माणसाची झोप उडणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. भयकादंबरी होती. नाव ‘रहाटावरचा पंजा’. त्यात विहीर होती, विहिरीवर रहाट होता, रहाटावर पंजा होता आणि पंज्याच्या मागे माणूस नव्हता! लिहिताना मी स्वतः इतका घाबरायचो की भर दुपारी आईला शेजारी बसवून ठेवायचो. ती भाजी निवडायची, मी माणसं मारायचो.

ताईचं मत वेगळं होतं.

"किती वर्षं तो पंजा घेऊन बसलायस," ती म्हणाली. "आता स्वतःचे हात जरा हलव. ह्यांना दुकानात माणूस हवाय."

‘ह्यांचं’ दुकान म्हणजे भाऊजींचं गाद्यांचं दुकान. भाऊजी अतिशय सज्जन माणूस. फक्त बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कमरेकडे बघतात आणि हळहळतात.

शेवटी आमच्यात तह झाला. एका खेड्यात लेखकांचं आठवडाभराचं उन्हाळी शिबिर होतं. शेवटच्या दिवशी एक प्रकाशकबाई येणार, सगळ्यांचं ऐकणार आणि एकाचं पुस्तक छापणार. माझं निवडलं तर मी लेखक. नाहीतर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाद्या.

"सकाळी लवकर ये हं," भाऊजी प्रेमाने म्हणाले. मी अजून बॅगसुद्धा भरली नव्हती!

शिबिर एका काकूंच्या शेतावर होतं. उन्हाळ्यात काकू घरातल्या खोल्या भाड्याने द्यायच्या. गेल्या गेल्या त्यांनी आम्हाला अंगणात उभं केलं आणि एकुलता एक नियम सांगितला.

"गोठ्याजवळ आरडाओरडा करायचा नाही. माझी गाय भित्री आहे. जरा भ्याली की पान्हा चोरते. मग मी धार काढायला बसते आणि नुसतीच बसून राहते. दुधाचा थेंब मिळत नाही."

आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. लेखक लोक मान फार सुंदर डोलावतात. तेवढ्या वेळात ते दुसराच कसला तरी विचार करत असतात.

त्याच संध्याकाळी नियम मोडला. आमच्यात एक कवी होते, त्यांना सगळे ज्वालामुखी म्हणायचे. कविता ओरडूनच म्हणायची असते, असा त्यांचा दंडक. अंगणात उभं राहून ते "पेटवा!" म्हणाले आणि कोंबड्या छपरावर गेल्या. गाय गोठ्यातच राहिली, पण बादली कोरडी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर ज्वालामुखींना नुसतं खोकताना ऐकूनच तिने पान्हा चोरला.

परिणाम असा की सगळ्या शिबिराला कोरा चहा! लेखक झोपेशिवाय राहतो. पैशाशिवाय राहतो. वाचकांशिवाय राहायची तर त्याला सवयच असते. पण दुधाशिवाय चहा? शिबिर चालवणारे सर हे निवृत्त समीक्षक. पुस्तक न उघडता त्यातल्या उणिवा सांगणं हा त्यांचा हातखंडा. त्यांनी कपात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "यात आशय नाही."

अशा तापलेल्या वातावरणात मी वाचनाचा सराव करायला गोठ्यात गेलो. गोठा हीच त्या शेतावरची सगळ्यात थंड जागा होती. मी पेंढ्यावर बसलो आणि भारदस्त, खोल आवाजात सुरुवात केली. थोड्या वेळाने काकू बादली घेऊन आल्या.

"वाचा, वाचा," त्या कंटाळून म्हणाल्या. "तसंही ती काही देत नाही."

मला जरा काळजीच वाटली. प्रकरण भयानक होतं. गाय दावं तोडून पळाली तर? पण कलेसाठी धोका पत्करावा लागतो. मी वाचत राहिलो. पंजा रहाटावरून खाली उतरला. गाईने माझ्याकडे पाहिलं. पंजा रखवालदाराच्या खोलीत शिरला. गाईने रवंथ सुरू केलं. पंज्याने रखवालदाराचा गळा धरला, रखवालदाराने किंकाळी फोडली, आणि गोठ्यात आवाज आला... चुर्र! चुर्र! चुर्र!

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. बादलीत फेस चढत होता. "काय वाचलंत हो हे?"

"रखवालदाराचा खून."

"उद्या पण करा हो खून. ह्याच वेळेला या."

त्या संध्याकाळचा दुधाचा चहा पिऊन आमच्यातल्या प्रेमकथा लिहिणाऱ्या मॅडमना अश्रू आवरेनात. मला पहिल्या पंगतीत बसवण्यात आलं. सरांनी दुसरा कप घेतला आणि घसा साफ केला.

"गाय हा अत्यंत निर्मळ वाचक आहे," ते म्हणाले. "तिचा कुठलाही कंपू नाही. तिला कोणाचा सत्कार घडवून आणायचा नाही. तिने दिलेला कौल शेवटचा!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून गोठ्याबाहेर लेखकांची रांग लागली. मॅडमनी त्यांच्या कथेतला विरहाचा प्रसंग वाचला, तर गाय इतकं हंबरायला लागली की मॅडमना स्वतःचं वाक्य ऐकू येईना. ज्वालामुखींनी हळू वाचायचं कबूल केलं होतं, पण दुसऱ्याच ओळीत त्यांचा स्वतःवरचा ताबा सुटला. गाईने एक लाथ बादलीला मारली आणि दुसरी कवितासंग्रहाला.

"ही प्रस्थापितांची गाय आहे!" ज्वालामुखी शेण झटकत बाहेर आले.

दूध फक्त माझ्याच कादंबरीला येत होतं. मी अभिमानाने ताईला फोन केला.

"ताई, गाय अक्षरशः वेडी झालीय माझ्या पुस्तकासाठी!"

"पुस्तक विकत घेणारे ती?"

"तसं नाही गं, पण..."

"थांब, ह्यांना बोलायचंय." मग भाऊजींचा मऊ आवाज आला, "पेंढ्यावर बसतोस का रे? कंबर सांभाळ."

शेवटच्या दिवशी प्रकाशकबाई आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि चेहरा असा, की जणू त्यांनी छापलेली सगळी पुस्तकं परत आली असावीत. सरांनी निवडीचा कार्यक्रम सकाळच्या धारेच्या वेळी थेट गोठ्यातच ठेवला. बाईंना बसायला टोपली पालथी घातली आणि काकूंनी त्यांनाही गाईचा नियम ऐकवला. मी सगळ्यात भीषण प्रकरण काढलं. यात कोणीच वाचत नाही. एकेक माणूस मरत गेला तशी बादली भरत गेली. शेवटचा माणूस विहिरीत पडला तेव्हा गाईने हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली आणि डोळे मिटले. गाय दचकू नये म्हणून सगळ्यांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या.

"सुरेख," प्रकाशकबाई म्हणाल्या. "कुठल्या प्रकारचं पुस्तक आहे हे?"

"भयकादंबरी!" मी छाती काढून म्हणालो.

"अस्सं. आणि काकू, ही तुमची गाय घाबरली की काय करते म्हणालात?"

"पान्हा चोरते की. थेंब देत नाही."

सगळ्यांनी बादलीकडे पाहिलं. ती काठोकाठ भरली होती. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाईकडे पाहिलं. ती माझ्या खांद्यावर घोरत होती!

"म्हणजे..." ज्वालामुखींच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला, "माझ्या कवितेला ती घाबरली! माझी कविता पोचली! खरा भयकार मीच!"

"मी पहिल्यापासून हेच सांगत होतो," सर म्हणाले. त्यांच्या हातात अजून माझ्याच दुधाचा चहा होता.

मला डोळ्यांसमोर गाद्या दिसू लागल्या. एकावर एक, छतापर्यंत. मी मुकाट्याने पानं गोळा करायला लागलो. तेवढ्यात प्रकाशकबाईंनी जांभई दिली. मग आणखी एक, मोठी.

"पुढचं पान वाचा बरं," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. अर्ध्या पानावर बाई टोपलीवरून कलल्या आणि पेंढ्यावर आडव्या झाल्या. गाय उभी, बाई आडव्या, दोघी गाढ. संध्याकाळच्या धारेला त्या उठल्या तेव्हा डोळ्यांखालची वर्तुळं फिकी झाली होती.

"छापते," त्या आळस देत म्हणाल्या. "एक शब्दही बदलू नका. फक्त नाव बदलू."

‘सुखाची झोप’ हे माझं पुस्तक सध्या पुस्तकांच्या दुकानात गुडघेदुखी आणि पचन यांच्या मधल्या फळीवर मिळतं. वाचकांची पत्रं येतात. एका गृहस्थांनी लिहिलंय, "रखवालदाराच्या गळ्यापर्यंत पंजा येतो आणि आमचा डोळा लागतो. पुढे काय झालं ते कृपया कळवू नये."

पहिली आवृत्ती हातोहात संपली. हात एकाच माणसाचे होते. भाऊजींचे! आता त्यांच्याकडे प्रत्येक गादीवर एक प्रत मोफत आहे आणि तिच्यावर सही करायला लेखक स्वतः दुकानात हजर असतो. सकाळी लवकर. गिऱ्हाईक गादीवर पडून बघतं, तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसून पंज्याचं एखादं पान वाचतो.

जाग आल्यावर ते डोळे चोळत म्हणतं, "गादी फार छान आहे हो तुमची!"

पुस्तकाबद्दल अजून कोणी काही बोललेलं नाही.