बंडूजींसाठी खानदानी दाता

समाजात वावरायचं तर माणसाला पोट असणं भाग आहे. फक्त ते इतरांना ऐकू येऊ नये, एवढीच समाजाची अपेक्षा असते. देवळीचे कापड व्यापारी बंडूजी ही अपेक्षा एकोणीसशे त्र्याण्णवपासून पूर्ण करू शकले नव्हते. त्यांच्या आतड्याला चिडका विकार जडला होता. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण गावात नुसतं ‘बंडूजीचं ते’ म्हटलं तरी सगळ्यांना कळे. (दुकानापासून घरचा संडास सव्वाशे पावलं, दिवसाला सरासरी अकरा खेपा. चौदा वर्षांत एवढ्या चालण्यात ते चार वेळा दिल्लीला जाऊन आले असते. प्रत्यक्षात देवळीतच राहिले.)

दोन हजार सात साली त्यांच्या मुलीचं, रुचिकाचं लग्न ठरलं. कन्यादानाला तासभर बसावं लागेल, असं गुरुजींनी सांगितलं. एका जागी बसण्याचा बंडूजींचा विक्रम बावीस मिनिटांचा होता. कन्यादान मामाने करावं, असं नातेवाइकांनी सुचवलं. पोरीचा हात दुसऱ्याने द्यायचा, आणि त्या वेळी बाप कुठे आहे हे अख्ख्या मांडवाला ठाऊक असायचं, या विचाराने बंडूजी फार रडले. (तेही उभ्यानेच.)

वर्ध्याच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी तेव्हा एक नवा उपचार सांगितला. निरोगी माणसाच्या आतड्यात कोट्यवधी उपयोगी जंतू नांदत असतात. त्याची विष्ठा तपासून, मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून नळीने रोग्याच्या आतड्यात सोडायची. गुण येईलच असं नाही, हे बाईंनी दोनदा बजावलं आणि एक धडधाकट माणूस घेऊन यायला सांगितलं.

बंडूजींनी घरी येऊन सगळं समजावलं. त्यांच्या पत्नी देवकाबाईंनी एकच प्रश्न विचारला.

“कोनाचं?”

हा प्रश्न वैद्यकीय नव्हता. त्यामुळे तो समाजाच्या बैठकीत गेला आणि पाच जणांची दाता निवड समिती नेमली गेली. समितीचं कौतुक करावं तेवढं थोडं. आपल्याकडे सून, भाडेकरू आणि स्वयंपाकीण घरात घेताना पूर्ण चौकशी होते. ही वस्तू तर थेट घरच्या कर्त्या माणसाच्या आत जायची होती. समितीने फॉर्म छापून घेतला. नाव, आडनाव, कुळ, मामेकुळ, मूळ गाव, शिक्षण, दारी वाहन. अगदी शेवटी बारीक अक्षरात: ‘पोट साफ होते काय? (ऐच्छिक)’

अर्ज सतरा आले. एका गुरुजींचं पोट घड्याळासारखं होतं, पण त्यांच्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं होतं. अशा घरातल्या जंतूंवर काय संस्कार असणार, म्हणून ते बाद झाले. पिपरी मेघेचा एक इंजिनिअर अंडी खातो असं कळलं.

बंडूजींनी स्वतः डोमाजींचं नाव सुचवलं. डोमाजी गावाबाहेर वांगी-पालक पिकवत आणि दुकानासमोर टोपली मांडून विकत. वय बासष्ट, जन्मात गोळी घेतलेली नाही, पहाटेचं काम चार मिनिटांत उरकतं. नाव निघताच समितीतल्या एकेकाने स्पष्ट केलं की आपण जातपात मानत नाही, डोमाजी देवमाणूस आहेत, त्यांची वांगी आपण सगळेच खातो. मात्र वांगं झाडावर, उघड्या हवेत तयार होतं. हे आत तयार होतं. (हा मुद्दा बिनतोड असल्याची नोंद इतिवृत्तात आहे.)

अखेर एकमताने समाजाचे अध्यक्ष बापूजी यांची निवड झाली. शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला गेला. बापूजी गहिवरले. ऐच्छिक रकाना त्यांनी कोरा सोडला होता. तो कोणी पाहिला नाही.

लग्नाला पंधरा दिवस असताना तीन जीपगाड्या वर्ध्याला पोचल्या. बापूजी नऊ वाजता डबा घेऊन दवाखान्याच्या संडासात गेले. दहाला गरम पाणी पाठवलं, साडेदहाला केळी. अकराला समितीच्या दोन सदस्यांनी दाराशी उभं राहून त्यांच्या कार्याचा गौरव केला. बारा वाजता, आपल्यावर दबाव आणू नये, असं बापूजींनी आतून कळवलं. दीड वाजता ते शालीसकट बाहेर आले आणि डबा रिकामाच परत केला. एकोणीसशे एकाहत्तरपासून त्यांना बद्धकोष्ठता होती.

एवढ्या वेळात बंडूजी पाच वेळा जाऊन आले होते. सहाव्यांदा बाहेर आले तेव्हा भिंतीला धरून म्हणाले, “मले पोरीच्या मांडवात बसाचं हाय. डोमाजीले बोलवा.”

बंडूजींकडून नाव कळताच डॉक्टरबाईंनी डोमाजींच्या तपासण्या आधीच गुपचूप करून ठेवल्या होत्या. (विज्ञान कधी कधी समितीची वाट पाहत नाही.) दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले, चार मिनिटांत बाहेर पडले आणि डबा हातात घेऊन देवकाबाईंसमोर उभे राहिले.

“वहिनी, पंधरा वर्सं झाले, माही कपबशी तुमी येगळी ठेवता. आता हे काह्यात ठेवसान?”

 डबा डॉक्टरबाईंनी आत नेला.

लग्नात बंडूजी एक तास दहा मिनिटं बसले. कन्यादान झालं, गुरुजी उठले, तरी हे बसलेलेच. रुचिका रडता रडता हसू लागली. ठराव बदलता येत नसल्यामुळे समितीने स्टेजवर दाता म्हणून बापूजींचाच पुन्हा सत्कार केला. डोमाजींचं ताट मांडवाच्या मागे वेगळं वाढलं होतं. भाजी त्यांच्याच वांग्यांची. बंडूजी आपलं ताट घेऊन तिथे जाऊन बसले. तिथून उठावं, असा निरोप समितीने तीनदा पाठवला. पण चौदा वर्षांत पहिल्यांदाच बंडूजींना उठायची गरज वाटत नव्हती.

या हकिकतीत डोमाजींचं आडनाव राहून गेलं आहे. बंडूजींच्या पोटातल्या त्या कोट्यवधी जंतूंनी ते अजून विचारलेलं नाही. बापूजींचंही आडनाव मी कुठे दिलेलं नाही, पण ते तुम्ही शोधलं नाहीत. डोमाजींचं मात्र भाजीच्या टोपलीपासून शोधताय.