कोमातल्या सुनेचे सोमवार

सलाईनच्या बाटलीतलं पाणी गेल्या गणपतीपासून तसूभरही खाली उतरलेलं नव्हतं. खालच्या नळीत थेंब मात्र नियमित पडत होते. वैद्यकशास्त्राला हे मानवलं नसतं. मालिकेला मानवलं होतं.

बाटलीखाली मैत्रेयी पडलेली असे. अंबरनाथच्या एका बंद कारखान्यातल्या सेटवर ती मालिकेतली थोरली सून होती आणि कोमात होती. डोळे मिटून पडल्या पडल्या भोवतालचे संवाद कानांवर येत. ते इतके टुकार असत, की ती दुरुस्त्या सुचवू लागली. आधी पुटपुटून, मग चादरीखाली कागद ठेवून. लेखकाला एवढी विश्रांती मिळाली, की तो दुसऱ्या मालिकेत निघून गेला. तेव्हापासून सगळे भाग रुग्णच लिहीत असे.

"शेठ, मला आता फक्त लिहायचंय. कॉटवरून उठवा," ती निर्मात्याला म्हणाली.

धर्मेशशेठचं कॅम्प एकच्या बाजारात चादरींचं दुकान होतं. मालिकेतलं अंथरूण तिथूनच येई. "बेटा, रायटर की जगह खाली किधर है?"

"लेखक गेला ना!"

"गेला. पण काम चालू आहे. काम चालू, म्हणजे जागा भरलेली."

"मग सुनेला मारते."

"और चादर किस पे डालूं?"

"शुद्धीवर आणते."

"चॅनेलने सर्व्हे केला. तू पडलेली असतेस तेव्हा लोक आरामात भाजी निवडतात. तू बोलायला लागलीस, की चॅनेल बदलतात."

ती बुवापाड्यात घरी आली. तिला लहानाची मोठी करणाऱ्या चांगुणाआत्याने टीव्हीपुढे निरांजन लावलं होतं. समोर गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. सून शुद्धीवर यावी म्हणून त्यांनी सोमवार धरले होते आणि आत्या त्यांची प्रमुख होती. शिवमंदिरात तिला आता रांग लागत नसे.

"आत्या, भूक लागलीय."

"भाग संपल्यावर उपास सुटेल. तुझ्यासाठी अख्खी गल्ली उपाशी, आणि तूच गिळणार? लाज नाही वाटत?"

मैत्रेयी स्वतःला बरं वाटावं म्हणून उपाशी बसली.

"अगं, पण मी ठणठणीत आहे. ही काय, तुझ्यासमोर बसलेय."

"हळू बोल बये. तिला त्रास होतो." आत्याने पडद्याकडे बोट केलं.

"आणि ती उठली तर?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "उठली की उद्यापन," शेजारची स्वप्नाली धसकून म्हणाली. "मग सोमवारी आपण करायचं काय गं?"

"घाई नको," आत्या म्हणाली. "देवाला त्याचा वेळ घेऊ दे."

मैत्रेयी उठली आणि टीव्हीसमोर आडवी उभी राहिली.

"ए, बाजूला हो! दिसत नाहीये!"

"आत्या, मी अभिनय सोडला. उद्यापासून फक्त लिहिणार, तेही घरी बसून. निघताना शेठना पटवलं, चादर घालायला कॉटवर दुसरं माणूसही चालेल. बोलायचं नाही, हलायचं नाही, चाललंय ते चालू द्यायचं. अनुभवी माणूस हवंय म्हणाले. मी तुम्हा सगळ्यांची नावं दिलीत."