बाळ देशात कुठून आलं?

विमा कंपनीत अठरा वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवून ज्याने नाव कमावलं, त्याचा अर्ज परत पाठवायची कोणाची छाती होणार? निदान रकानेसाहेबांचा तरी असाच समज होता. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. अर्जातला एक रकाना रिकामा दिसला तरी ते अख्खा अर्ज माघारी धाडत, म्हणून कचेरीतल्या मंडळींनी त्यांना हे नाव चिकटवलं होतं. वर वर चिडत असले तरी मनातून त्यांना ते आवडायचं.

तर या रकानेसाहेबांची बायको परदेशी. मराठी ती सासूकडून शिकली होती, त्यामुळे तिशीतली ही बाई बोलायला लागली की सत्तरीतली वाटायची. बस चुकली तरी ‘जळलं मेलं लक्षण’ म्हणायची. मुलगी चार महिन्यांची. आणि तिकडे बायकोची आजी त्र्याण्णव वर्षांची. पणतीला मांडीवर घेतल्याशिवाय मी जायची नाही, पण मला फार ताटकळत ठेवू नका, असं तिने फोनवर बजावलं होतं. तिकिटं निघाली, तीन आठवड्यांनंतरची. बाळाचे कागद तेवढे राहिले.

बायकोचं म्हणणं, कुणा माहीतगाराला आधी विचारू या. साहेब नुसते हसले. कागदपत्रांचं काम त्यांना शिकवणं म्हणजे माशाला पोहायचा क्लास लावण्यासारखं होतं. दोन दिवसांत उरकतो म्हणाले, आणि कंगवा, दोन पेनं आणि फाइल घेऊन निघाले.

सुरुवात झकास झाली. बायकोच्या देशाच्या वकिलातीतला गृहस्थ इतका नम्र की साहेबांनाच अवघडल्यासारखं झालं. आई आमची नागरिक, म्हणजे मुलगी जन्मापासून आमचीच, असं त्याने पत्रावर लिहून शिक्का मारून दिलं. पासपोर्टही देतो म्हणाला. फक्त तुमच्या इथल्या नोंदणी कार्यालयात हिची नोंद झाल्याचा दाखला आणा.

साहेब ते पत्र छातीशी धरून इथल्या कार्यालयात गेले. आत खिडक्याच खिडक्या. एकीवर ‘परदेशी नागरिक’ असं ठळक लिहिलेलं. साहेबांनी पत्र पाहिलं, पाटी पाहिली आणि रांगेत उभे राहिले. तिथे चार पानी अर्ज मिळाला. त्यांना कोण आनंद झाला! एकूण बासष्ट रकाने. मुलीचा व्यवसाय? ‘सध्या नाही.’ ओळखीची खूण? ‘टक्कल.’ देशात कोणत्या ठिकाणाहून प्रवेश केला? इथे ते जरा थबकले, मग सुवाच्य अक्षरात प्रसूतिगृहाचा पत्ता लिहिला. प्रवासाचं साधन? ‘आई.’

खिडकीमागच्या बाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

“ही व्यक्ती देशात कधी आली?”

“चार मार्चला. पहाटे पाच वीसला.”

“कुठून?”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मागे पंधरा माणसं कान टवकारून उभी. ते खिडकीत वाकले आणि हळूच म्हणाले, “बाई, आता तुम्हाला कसं सांगू?”

बाईंना सांगायची गरज नव्हती. त्यांच्या हिशेबी एक परदेशी व्यक्ती चार महिने विनापरवाना देशात राहत होती, आणि साहेबांनी तिला आपल्या घरात थारा दिल्याचं स्वतःच सहीनिशी लिहून दिलं होतं. त्यांनी हातात नोटीस ठेवली. सात दिवसांत लेखी खुलासा.

घरी साहेबांच्या आईने नोटीस ऐकली आणि हायच खाल्ली. त्या दिवसापासून दाराची बेल वाजली की ती नातीला उचलून न्हाणीघरात जाऊन बसायची. वीजमीटर बघायला आलेल्या माणसाने आतून रडणं ऐकून सहज विचारलं, बाळ किती महिन्यांचं? आमच्याकडे बाळच नाही, असं तिने आतूनच ठणकावून सांगितलं. तो दोरीवर वाळणाऱ्या चौदा लंगोट्या बघत, जरा घाईनेच निघून गेला.

साहेब मात्र खुलासा लिहायला बसले. पाचव्या दिवशी तो अकराव्या पानावर पोचला होता, प्रवास अवघ्या दोन आठवड्यांवर आला होता आणि मुलगी गुन्हेगार नाही हे अजून सिद्ध व्हायचं होतं. बायकोने काही वेळ मागे उभं राहून वाचलं. मग मुलीला कडेवर घेतलं, फाइल उचलली आणि एकटीच निघाली.

दीड तासात परत आली. हातात दाखला.

“अगं, कसं झालं?” साहेबांचं पेन हातातच राहिलं.

तिने सांगितलं, खिडकीवरच्या बाईंना ती म्हणाली, माझ्या मेलीचं नशीबच फुटकं, जरा बघा हो. परक्या देशातली बाई असं बोलताना ऐकून त्या इतक्या हसल्या की स्वतः उठून तिला शेजारच्या खिडकीपाशी घेऊन गेल्या. पाटी होती, ‘नवजात बालक’. बाप इथला असला की मूल इथलंही, अठरा वर्षांपर्यंत दोन्हीकडचं. जन्माचा दाखला दाखवायचा, नोंद करून घ्यायची. अर्ज एक पानी.

“किती रकाने होते?” साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

“सहा.”

त्या दिवशी साहेब फारसे जेवले नाहीत.

पुढे सगळं सुरळीत झालं. नम्र गृहस्थाने पासपोर्ट दिला आणि ठरल्या दिवशी तिघं बायकोच्या देशात उतरली. तिथे मायलेकी नागरिकांच्या दारातून दोन मिनिटांत पलीकडे गेल्या. साहेब दुसऱ्या रांगेत तासभर सरकत राहिले. शेवटी नंबर लागला. अधिकाऱ्याने विचारलं, इथे तुमचं कोण?

साहेबांनी काचेपलीकडे बोट दाखवलं. मुलगी आईच्या खांद्यावर लाळ गाळत पेंगत होती. अधिकाऱ्याने तिला जवळ आणवलं, तिचा पासपोर्ट तपासला, तिच्याकडे पाहून अदबीने मान लववली, आणि तिच्या ओळखीवर साहेबांना तीस दिवस राहू दिलं.

वर बजावलं, वागणूक नीट ठेवा, नागरिकांना त्रास होता कामा नये.