सोळा डावे हात

आमच्या मुलींच्या गणवेशात कुणी एक टाका चुकलेला दाखवावा, मी माझी शिलाई मशीन विकून टाकीन! हे मी उगाच नाही बोलत. सोळाच्या सोळा आकाशी कमिजा मी स्वतः शिवल्यात. स्कार्फची घडी कशी घालायची, त्याची टोकं ओवायची ती वळी गळ्याशी कशी अडकवायची, सगळं मीच शिकवलंय. गावात माझं टेलरिंगचं दुकान आहे आणि शाळेत मी मुलींच्या स्काऊट-गाईड पथकाची कॅप्टन आहे. म्हणजे पगार नाही, पण गळ्यात शिट्टी आहे! आमचे हे, गुलाम रसूल, मला म्हणतात, "जरीना, शिट्टी घरी नको वाजवत जाऊ. मीबी लाइनीत उभा राह्यतो."

तर त्या शनिवारची गोष्ट. आठ दिवसांवर मुलींचं चाचणी शिबिर आलेलं आणि शिबिराला जागाच नाही! राज्य पुरस्काराच्या वाटेवरचं ते शिबिर. माझी टोळीनायिका दिव्यानी, हिचं वयाच्या अटीतलं हे शेवटचं वर्ष. यंदा शिबिर हुकलं की तिचा पुरस्कार कायमचा हुकला. तीन वर्षं ही पोरगी शेतातली धानाची रोवणी सांभाळून गाठी बांधायला शिकलीय हो! आणि तंबू ठोकण्याजोगी सपाट जागा अख्ख्या गावात एकच, तलावाची पाळ, म्हणजे काठचा रुंद बांध. पाळ मच्छीमार संस्थेकडे आणि संस्था इस्तारीभाऊंकडे. मागल्या वर्षी क्रिकेटच्या पोरांनी त्यांची वाळत घातलेली जाळी तुडवली, तेव्हापासून भाऊ पाळीवर शेळीसुद्धा चढू देत नाहीत.

मी डोकं लढवलं. भाऊंना पाहुणे म्हणून शाळेत बोलवायचं, आमचा स्कार्फ गळ्यात घालून सत्कार करायचा आणि माणूस पाघळला की पाळ मागायची! अकरा वाजता जिल्ह्याहून परीक्षक दामिनी मॅडम येणार होत्या. त्याआधी परवानगी खिशात. काय चुकायचं होतं त्यात?

चुकायचं होतं ते मीच महिनाभर शिकवून ठेवलं होतं.

त्याचं असं आहे, आमच्या स्काऊट-गाईडमध्ये एकमेकींशी डाव्या हातानं हात मिळवतात. जगभर तीच रीत. दामिनी मॅडम तर उजवा हात पुढे आला की सरळ मार्क कापतात! पण आमच्या गावात डाव्या हातानं कुणाला पाणी दिलं तरी पाठीत धपाटा बसतो. मुलींचा हात काही केल्या पुढे येईना. शेवटी मी सोपा नियम केला : ज्याच्या गळ्यात आपला स्कार्फ, त्याला आधी सॅल्यूट, मग डावा हात. विचार करायचा नाही! महिनाभर असा सराव घेतला की दिव्यानीची आई कुंता दुकानात भांडायला आली. "बाई, पोरगी जेवाचं ताटबी डाव्या हातानं घेऊन राह्यली!"

इस्तारीभाऊ साडेनऊला आले. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर नवा दुपट्टा. मी पुढे होऊन माझ्या हातानं त्यांच्या गळ्यात स्कार्फ घातला. भाऊ लाजले! मी मनात म्हटलं, जरीना, पाळ आपली झाली.

तेवढ्यात दिव्यानी समोर आली. खाड्‌कन सॅल्यूट आणि डावा हात पुढे!

भाऊंचा उजवा हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. दिव्यानीला वाटलं, भाऊंना दिसलं नसेल. तिनं हात आणखी पुढे केला. तिच्यामागे रोशनीचा डावा हात तयार. तिच्यामागे आणखी चौदा!

"काऊन वो बाई?" भाऊंचा आवाज चढला. "मले अपमान कराले बलावलं काय?"

"नाई भाऊ, नाई! डावा हात काळजाजवळ असते ना, म्हणून..."

"काळीज डाव्या बाजूले हाये हे मलेबी मालूम हाये. धुवाचा हातबी त्याच बाजूले हाये!"

आता काय करू? स्कार्फ आहे म्हणून डावा हात, मग स्कार्फ नसला की उजवा! घाबरलेल्या डोक्याला हा उपाय इतका पटला की मी पुढे झाले आणि भाऊंच्या गळ्यातला स्कार्फ काढून घेतला. हो! भर सत्कारात!

"देऊन वापस घेता?" भाऊ एवढंच म्हणाले. दुपट्टा झटकला आणि तलावाकडे चालू लागले.

दिव्यानीचं तोंड एवढंसं झालं. मला तिच्याकडे बघवेना. चूक माझी आणि वर्ष तिचं जाणार! त्याच घाबरटपणात मी मुलींना दम भरला, "आता कोणीबी येऊ दे, उजवाच हात द्यायचा! समजलं?"

"बाई, तुमच्या गळ्यात..." रोशनी काहीतरी सांगायला लागली.

"मध्ये बोलायचं नाही!"

आणि फाटकातून दामिनी मॅडम आत आल्या. अकराच्या ऐवजी आधीच्या एसटीनं! कडक गणवेश, गळ्यात स्कार्फ. त्यांनी हसून डावा हात पुढे केला आणि सोळा मुलींनी एकापाठोपाठ एक उजवा हात दिला. मॅडमनी वही काढली. पेनाचा आवाज मला दाराच्या करकरीएवढा ऐकू येत होता.

"शिबिराची जागा बघू या," त्या म्हणाल्या.

"तलावाची पाळ," माझ्या तोंडून निघून गेलं. आता खोटं बोललेय म्हटल्यावर चालत जाणं आलं! सगळी वरात निघाली. वाटेत मी मनातल्या मनात येतील तेवढ्या दुआ म्हटल्या.

भाऊ काठाच्या पाण्यात उभे राहून रागारागानं जाळं फेकत होते. फेकलं, ओढलं, पुन्हा फेकलं. आमच्याकडे पाठ. मी तोंड उघडणार, तर दिव्यानीच मला ओलांडून पाण्यापर्यंत गेली.

"भाऊ, जाळ्याची दोरी डाव्या हाताले काऊन बांधली?"

भाऊंनी मान वळवली नाही. पण धंद्याचं विचारलं की उत्तर दिल्याशिवाय राहवतं का? "उजवा हात फेकून देते. डावा सोडत नाई. जाळं वाहून नाई गेलं पायजे ना."

"मंग आमी तुमाले तोच हात देत होतो ना भाऊ," दिव्यानी म्हणाली. "न सोडाचा."

भाऊंनी मनगटावरच्या दोरीकडे बघितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय! तर हसत होते. मनगटावरची दोरी सोडवून त्यांनी ओला, मासळीच्या वासाचा डावा हात तिच्यापुढे केला. दिव्यानीनं आधी सॅल्यूट ठोकला, मग हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते, माझेही.

"या आठ दिवसांनी," भाऊ म्हणाले. "पण जाळ्याले हात लावाचा नाई!" मग माझ्याकडे वळले. "आन बाई, माहा रुमाल कुठी हाये? आता तरी देसाल का नाई?"

मी खिसे चाचपले. पर्स उलटी केली. स्कार्फ कुठेच नाही! शाळेत राहिला की वाटेत पडला? सोळाही मुली ओठ दाबून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी दामिनी मॅडमनी वहीतून डोकं वर न काढता नुसतं पेन माझ्या गळ्याकडे केलं.

त्यांचा शेरा आता शाळेच्या फळ्यावर लावलाय. "मुलींचा गणवेश : निर्दोष. टोळीनायिका : उत्तम. कॅप्टन : एका गळ्यात दोन स्कार्फ."

मशीन मात्र मी विकणार नाही हं! मी पैज मुलींच्या गणवेशावर लावली होती.